सोळा आणे

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी, सगळं घर जेवून आडवं झालेलं असताना, लॅपटॉपने मला सांगितलं की दहा पैसे आणि वीस पैसे मिळून तीस पैसे होत नाहीत. सांगितलं ते अगदी दोन शब्दांत: ‘फरक आहे’. हे शब्दही माझेच, मीच ते त्याच्या तोंडी घातलेले. सकाळपासून खपून मी आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला होता. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. दोन्ही सारखे भरले तर ‘टॅली’ असं छाप, नाही तर ‘फरक आहे’ असं छाप. पायथॉन नावाच्या ज्या संगणकाच्या भाषेत मी लिहिते, तिच्यात रकमांना मराठीत नावं ठेवलेली चालतात हे कळल्यापासून माझे सगळे प्रोग्रॅम जमा, नावे, शिल्लक असंच बोलतात. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाची खोड अशी, की बेरजेचं नवं यंत्र टेबलावर आलं की आधी त्यात अगदी बारकी रक्कम घालून बघायची. म्हणून ०.१ आणि ०.२ जमेला टाकले, ०.३ नावे टाकले आणि एंटर दाबलं.

फरक आहे.

चूक आपलीच असणार असं धरून चालायची सवय आहे मला. चष्मा पुसला, ओळी पुन्हा वाचल्या, बिंदू जागच्या जागी आहेत ना ते पाहिलं. मग म्हटलं, फरक आहे म्हणतोस तर किती आहे तेही सांग. एक ओळ वाढवली. पडद्यावर आलं ५.५५१११५१२३१२५७८३, आणि त्याला चिकटून एक इंग्रजी ई आणि उणे सतरा. मला वाटलं हा कुठल्या तरी खात्याचा कोड असावा; बिंदू सतरा घरं डावीकडे सरकवा अशी ती खूण, हे नंतर कळलं. सुनेला उठवावंसं वाटत होतं, पण तिची आदल्या रात्री कंपनीत काहीतरी ‘रिलीज’ होती, पहाटे चारला झोपली होती बिचारी. यांना विचारण्यात अर्थ नव्हता; हे पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. मग ते तीस पैसे मी दुपारभर दातात अडकलेल्या बडीशेपेसारखे घेऊन हिंडले. कपडे काढले, घड्या घातल्या, चहा टाकला. जीभ सारखी तिथेच.

१९८५ साली एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत मी कारकून म्हणून लागले. तेव्हा संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर खरा दिवस सुरू व्हायचा. व्हाउचरांच्या चळती सुटायच्या, टाचण्या बशीत पडायच्या, लेजरांची जाड पानं फडफडायची आणि खोलीभर शाई, घाम आणि तिसऱ्यांदा उकळलेला चहा यांचा मिळून एक वास भरायचा. मला तो वास आवडत असे असं आता म्हणवत नाही, पण आला की बरं वाटेल. बॅलन्सिंग जुळलं की सगळे एका मिनिटात माणसात यायचे. नाही जुळलं की शेवटची एसटी डोळ्यांसमोर दिसायला लागायची. एकदा, नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, फरक निघाला दहा पैशांचा. साडेसात वाजले होते. मी पर्समधून दहा पैशांचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवून म्हटलं, “हे घ्या साहेब, माझ्यातर्फे.” कुणी तरी हसलं. आमचे अकाउंटंट हसले नाहीत. त्यांनी नाणं एका बोटाने माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाले, “बाई, दहा पैशांनी कुणी मरत नाही. या दहा पैशांच्या आड कोण बसलंय ते मला बघायचंय.”

आकड्यांचा शोध घेण्याची त्यांची रीत ठरलेली होती. फरकाला नवाने भाग गेला, तर कुठे तरी दोन आकडे उलटे पडलेत, चोपन्नाचे पंचेचाळीस झालेत. दोनाने भाग गेला, तर फरकाच्या निम्मी रक्कम कुणी तरी चुकीच्या बाजूला लिहिली आहे का ते आधी बघा. दहा पैशांना नवाने भाग जात नाही. पाच पैशांचं व्हाउचर कुठे नव्हतं. साडेनऊला सापडलं. एका व्हाउचरवर १,२५४.६० होते ते खात्यात १,२४५.६० असे चढले होते, म्हणजे जमेला नऊ रुपये कमी, आणि ८.९० चं एक नावेचं व्हाउचर दुसऱ्या व्हाउचरच्या पाठीला चिकटून राहिलं होतं, ते चढलंच नव्हतं. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या, बाहेर फक्त दहा पैशांचं शेपूट. पहिली चूक माझी होती. अकाउंटंटनी लाल शाईने आकडा कापला, वर नीट लिहिला, शेजारी आद्याक्षरं घातली आणि वही माझ्यापुढे सही करायला ठेवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं, असं एसटी स्टँडवर वाट बघत बसलेल्या वडिलांच्या शेजारी बसल्यावर मला वाटलं होतं.

असल्या शाळेत शिकलेल्या बाईला यंत्र सांगतं, तीस पैशांत फरक आहे, तेव्हा तिने काय करावं?

बँकांचं यांत्रिकीकरण कसं करावं यावर रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला होता, म्हणजे मी लागायच्याही आधी. मोठ्या बँकांच्या संघटनांनी केलेल्या विरोधाच्या गोष्टी आम्ही चहाच्या टेबलावर ऐकायचो. आमच्यासारख्या बँकेत संगणक आला तो शहरातल्यांना जुना झाल्यावर. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. एसीची खोली, पडद्यावर हिरवी अक्षरं, चपला बाहेर काढून आत जायचं, देवघरासारखं. ही कळ दाबली की पोस्टिंग, ही दाबली की पासबुक, ही दाबली की दिवस बंद. मी विचारलं, “पण सर, आत बेरीज होते कशी? खात्री कशी करायची?” शिकवणारा मुलगा सभ्य होता. म्हणाला, “बाई, तेवढं तुम्हाला लागत नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. आणि खरंच लागलं नाही. त्यानंतर एकदाही फरक शोधत रात्र झाली नाही. साडेसहाला घरी पोचायला लागले, मुलाचा अभ्यास घेता आला, पोळ्या गरम खाता आल्या. तक्रार करायला जागा नव्हती. फक्त दिवसअखेर ती कळ दाबून पडद्याकडे बघत उभं राहताना, दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहावं तसं वाटायचं. आत काय शिजतंय ते वासावरून ओळखायचं.

रिटायर झाल्यावर पहिली दोन वर्षं मी सगळ्या बायका करतात ते केलं. भजनी मंडळ, गुडघ्यांचे व्यायाम, अष्टविनायक. मग एके दिवशी सुनेच्या मागे उभी राहून तिच्या पडद्याकडे बघत होते. ती हिंजवडीला टेस्टर आहे. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. लग्न होऊन आली तेव्हा मी तिच्या पोळ्यांच्या कडा जाड राहतात म्हणून चार-पाच वेळा बोलले असेन. चुका शोधण्याचा पगार मला कुणी दिला नाही, एवढाच आमच्यात फरक. तिला म्हटलं, “अगं, मला येईल का हे?” ती मान न वळवता म्हणाली, “आई, तुम्हाला नाही येणार तर कुणाला येणार?” टोमणा आहे की काय, म्हणून मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःचा जुना लॅपटॉप पुसून माझ्या टेबलावर ठेवला. पायथॉन म्हणजे अजगर समजून चालले होते मी. ती म्हणाली, नाव एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून पडलंय, अजगराचा संबंध नाही. मला अजगरच बरा वाटतो, गिळतो आणि मग शांत पडून राहतो.

शिकायला कठीण काय गेलं आणि सोपं काय, याचा मलाच अंदाज नव्हता. ज्या गोष्टीला सगळे नवशिके अडतात असं सून म्हणाली, ती मला अडलीच नाही. शिल्लक = शिल्लक + जमा. शाळेतल्या बीजगणिताने बघितलं तर हे धडधडीत खोटं आहे. कुठलीही रक्कम स्वतःपेक्षा जास्त कशी असेल? सुनेने समजावून सांगायला डबे आणि चिठ्ठ्यांचं काहीतरी काढलं होतं. मी म्हटलं, थांब, हे पासबुक आहे. कालची शिल्लक, त्यात आजची जमा, ती झाली नवी शिल्लक, खालच्या ओळीत लिही. छत्तीस वर्षं दुसरं काय केलं? तुलना करायची तर बरोबरची खूण दोनदा काढायची, एकदा काढली तर तो हुकूम होतो. हेही पटलं. ‘एवढे लिही’ आणि ‘एवढे आहेत का’ यांत केवढा फरक आहे ते कॅशियरला विचारा. मराठी कीबोर्ड चालू राहून मी प्रोग्रॅमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून १.५ असं देवनागरीत टाइप केलं, तर तेही त्याने निमूट घेतलं आणि गुणाकार करून दाखवला. पण तेच देवनागरी आकडे थेट प्रोग्रॅमच्या ओळीत लिहिले तर मात्र अंगावर आला. पाहुण्याने बोललेलं चालतं, घरच्याने बोललेलं नाही, असं काहीतरी.

अडलं ते समासात. ओळ किती आत सरकवायची यावर अर्थ ठरतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला आठवडा गेला. आणि अडलं दुधात. माझा पहिला खराखुरा प्रोग्रॅम दुधाच्या हिशोबाचा. आमच्याकडे रोज दीड लिटर दूध येतं, बहात्तर रुपये लिटरने. खाडा झाला की कॅलेंडरच्या चौकोनात फुली. त्या महिन्यात फुली एकही नव्हती, महिना एकतीसचा. कागदावर ३,३४८ रुपये झाले. प्रोग्रॅम म्हणाला ३,२४०. फरक एकशे आठ. एकशे आठला नवाने भाग जातो! मी लगेच शिकारीला निघाले. अर्धा तास आकडे उलटे कुठे पडलेत ते शोधत बसले, बहात्तरचे सत्तावीस झालेत का, पंधराचे एक्कावन्न झालेत का. अकाउंटंटची शिकवण अशी चाळीस वर्षांनी मला चुकीच्या गल्लीत घेऊन गेली. शेवटी सुनेने एका नजरेत सांगितलं. ‘एकपासून एकतीसपर्यंत मोज’ असं मी लिहिलं होतं, पण पायथॉन शेवटचा आकडा धरत नाही. तो तीसलाच थांबतो. एक दिवस बुडाला. दीड लिटर गुणिले बहात्तर, एकशे आठ. ती म्हणाली, “हे सगळ्यांना विचित्रच वाटतं, आई.” मला काही वाटलं नाही. ठेव ठेवली तो दिवस व्याजाला धरायचा, काढली तो धरायचा नाही, हे बँकेतलं पोरसुद्धा सांगेल. एक टोक आत, एक बाहेर, नाही तर एकच दिवस दोघांच्या खात्यात मोजला जातो. उलट मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र बनवणारा माणूस आपल्यातलाच कुणीतरी असावा.

चुकांचं मात्र नवल वाटत राहतं. दिवसाला पंचवीस-तीस चुका होतात माझ्या. लाल अक्षरांत पाच-सहा ओळी येऊन पडतात. पहिल्या दिवशी छातीत धस्स झालं, हात आपोआप पदराकडे गेला. सून म्हणाली, “वरून वाचू नका. शेवटची ओळ आधी वाचा, काय बिनसलं ते तिथे असतं. मग त्याच्या वर कुठल्या ओळीत ते बघा.” आता वाचते. सातव्या ओळीत कंस मिटला नाही. अकराव्या ओळीत ‘शिल्लक’ऐवजी ‘शिलक’ लिहिलंय, असं कुणी माझ्या ओळखीचं नाही. त्या लाल अक्षरांखाली सही करायची नसते. सर्व्हिस बुकात नोंद होत नाही. कंस मिटवला की पडदा मागचं काही काढत नाही. हे चांगलंच आहे, यात शंका नाही. पण कधी कधी वाटतं, इतकं स्वस्त झालं की मी नीट लिहायचंच सोडून देईन. पूर्वी पेन टेकवायच्या आधी आकडा दोनदा मनात म्हणायचे. आता मी आधी लिहिते, मग तो ओरडतो, मग बघते.

असो. तर ते तीस पैसे.

सून पाच वाजता उठली. तिच्या हातात चहाचा कप देऊन मी पडदा दाखवला. ती हसली आणि म्हणाली, “हो, हे होतं. फ्लोटिंग पॉइंट. सगळ्यांनाच होतं.” सर्दी झाल्यासारखं. मला मनातून इतका राग आला! सगळ्यांना होतं म्हणजे काय? आमच्या बँकेत सगळ्यांना दहा पैशांचा फरक येत असता तर? माझा चेहरा बघून ती खुर्ची ओढून बसली. यंत्राला दहाच्या पटीत कळत नाही, म्हणाली. त्याच्याकडे दोनच गोष्टी, आहे आणि नाही. त्यामुळे अपूर्णांक तो फक्त अर्ध्या-अर्ध्याने करतो. अर्धा, त्याचा अर्धा पाव, त्याचा अर्धा आठवा, त्याचा अर्धा सोळावा, असं खाली खाली. जो अपूर्णांक या तुकड्यांतून जुळतो तो चोख बसतो. एक दशांश जुळतच नाही, म्हणून जवळात जवळचा धरतो. एका आकड्याला चौसष्ट खाने असतात, तेवढे संपले की थांबतो. कुठे थांबायचं, कसं कातरायचं याचे नियम साऱ्या जगासाठी एकच ठरले ते १९८५ साली.

म्हणजे मी बँकेत लागले त्या वर्षी. तिकडे ते हे ठरवत होते आणि इकडे मी पहिल्यांदा लेजर उघडत होते.

ती उठून आंघोळीला गेली आणि मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून पेन्सिल घेऊन बसले. एक दशांश तयार करून बघायचा, अर्ध्या-अर्ध्याने. अर्धा मोठा पडतो, पाव मोठा, आठवाही मोठा. सोळावा घेतला: ०.०६२५. त्यात बत्तिसावा घातला: ०.०९३७५. चौसष्टावा घातला तर वर जातं, सोडला. एकशे अठ्ठाविसावाही सोडला. दोनशे छप्पन्नावा घेतला, पाचशे बारावा घेतला: ०.०९९६०९३७५. मग पुन्हा दोन सोडायचे, दोन घ्यायचे. दोन घे, दोन सोड, दोन घे, दोन सोड. कागद संपला तरी थोडं उरतंच. आणि हे करताना हाताला कसली तरी ओळख लागत होती. डोळ्यांना नाही, हाताला. घालायचं, जास्त झालं तर काढायचं, त्याच्या निम्मं घालून बघायचं.

तागडी.

आजोबांचं किराणा मालाचं दुकान होतं. गुळाच्या ढेपा, गोणपाटाचा वास, उंबऱ्यावर मुंगळे. मी पाच-सहा वर्षांची असेन, तोवर किलो-ग्रॅम सरकारने कधीच आणले होते, पण जुनी वजनं एका पत्र्याच्या डब्यात होती आणि मला खेळायला मिळायची. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. दोन छटाकांचं नवटाक, दोन नवटाकांचा पावशेर, दोन पावशेरांचा अच्छेर, दोन अच्छेरांचा शेर. शेराच्या सोळा छटाका. दोन पारड्यांच्या तागडीवर वजन नसलं तरी एक गोष्ट हमखास करता येते, ढीग दोन्हीकडे सारखा वाटून निम्मा करणं. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. दहावा हिस्सा तागडीला येत नाही. रुपयाचंही तसंच. सोळा आणे, चौसष्ट पैसे. चवली, पावली, अधेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आजोबा मला पुढ्यात बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घ्यायचे. माझ्या वर्गात हे कुणालाच येत नव्हतं. बाईंनी आईला सांगितलं होतं, आता याचा काही उपयोग नाही, तीस पर्यंतचे पाढे पक्के करा. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले त्या दिवसापासून आजोबांचं सरकारशी वाजलं होतं. शंभर हा काय आकडा आहे, म्हणायचे, दोनदा निम्मा केला की पंचवीस आणि तिसऱ्यांदा करायला गेलं की मोडतो.

मोडतो! साडेबारा. तोच तो मोड माझ्या पडद्यावर आला होता.

मी उठून पुन्हा लॅपटॉपसमोर बसले आणि दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. पहिल्यात शिल्लक शून्य, तीत दहा पैसे घाल, असं दहा वेळा कर, आणि काय झालं ते छाप. आलं ०.९९९९९९९९९९९९९९९९. पेन्सिलीच्या टोकाने मोजले, सोळा नऊ. रुपया नाहीच. दुसऱ्यात शिल्लक शून्य, तीत एक आणा घाल, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा, असं सोळा वेळा कर. आलं १.०. शेपूट नाही, ई नाही, उणे सतरा नाही. एक बिंदू शून्य. चौसष्ट जुने पैसे घालून बघितले, १.०. पाव आणि अर्धा मिळून पाऊण झाला का विचारलं, ‘टॅली’. सव्वा आणि सव्वा अडीच झाले का, ‘टॅली’. सोळा आणे खरं असं आपण म्हणतो, म्हणजे ज्यात काडीची शंका नाही ते. तो वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरला, पण तो असा पडद्यावर सिद्ध होऊन येईल हे कुणाच्या मनात? मान्य करते, मी टाळी वाजवली. यांनी पेपर खाली करून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, आजोबा आले होते.

(पै मात्र बसत नाही. आण्याच्या बारा पया, रुपयाच्या एकशे ब्याण्णव. बारात तीन लपलेला आहे आणि तीन काही निम्म्या-निम्म्याने जुळत नाही. पै न् पैचा हिशोब देतो म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

रात्री भांडी पुसताना मात्र दुसरंच मनात यायला लागलं. म्हणजे एवढी वर्षं ती कळ दाबून मी जे ‘टॅली’ बघत होते, त्यात असे किती दहा पैसे? घरी लवकर जाता येतं म्हणून मी कधी विचारलं नाही, ते बरोबर होतं का? सुनेला विचारलं. तिने धीर दिला, पैशांचे हिशोब असे कुणी शहाणा माणूस ठेवत नाही. रुपये सोडून सगळं पैशांतच मोजायचं, अपूर्णांक येऊच द्यायचा नाही. नाही तर दहाच्या पटीतच हिशोब करणारी वेगळी सोय पायथॉनमध्ये आहे, डेसिमल नावाची, ती वापरायची. हे ऐकून हसूच आलं. आमच्या लेजरला रुपयांचा रकाना वेगळा आणि पैशांचा वेगळा, मध्ये लाल रेघ. बिंदू नव्हताच. मग तिनेच एक गोष्ट सांगितली. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ साली आपला निर्देशांक एक हजारावर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने मोजायचे आणि तिसऱ्या दशांश स्थळापुढचं जवळच्या आकड्याला न नेता सरळ कापून टाकायचे. बाजार ठीक चाललेला, पण दीड-दोन वर्षांत निर्देशांक घसरत पाचशे चोवीसवर आला. नीट मोजल्यावर निघाला जवळजवळ अकराशे. “कोण बसलं होतं त्याच्या आड?” मी विचारलं. ती म्हणाली, “कोणी नाही, आई. नुसती कात्री.” मला त्या रात्री बराच वेळ आमचे अकाउंटंट आठवत राहिले. त्यांना ही गोष्ट सांगायला हवी होती. ते जाऊन बारा वर्षं झाली.

त्या ट्रेनिंगच्या मुलाचीही आठवण आली. तेवढं तुम्हाला लागत नाही. इतकी वर्षं मी ते मनात ठेवलं होतं हे मला त्या दिवशी भांडी पुसताना कळलं. आता वाटतं, त्यालाही कदाचित कुणी तरी हेच सांगितलं असेल. दोन दिवसांत पंचवीस कारकुनांना कळा शिकवायच्या होत्या त्याला, आणि संध्याकाळची गाडी पकडायची होती. कदाचित नसेलही तसं. मी उगाच त्याच्या बाजूला काही रक्कम जमा करून जुळवून टाकतेय.

पुढच्या रविवारी सून माझ्या शेजारी येऊन बसली. तिने ऑफिसात आण्यांची गोष्ट सांगितली होती आणि कुणाचा तरी विश्वास बसला नव्हता. “आई, ती सगळ्यात शेवटची कुठली म्हणालात? औटकी? औट म्हणजे किती?” साडेतीन, म्हटलं, औटघटकेचं राज्य म्हणतात ना, त्यातलं औट. तिला ते राज्यही नवीनच होतं. तिने माझाच टॅलीचा प्रोग्रॅम उघडला, एका बाजूला साडेतीनचा गुणाकार बसवला, दुसऱ्या बाजूला मी जे तोंडाने म्हणेन ते ती टाइप करणार. मी पाय वर घेऊन, डोळे मिटून बसले, आजोबांच्या पुढ्यात बसायचे तशी. एक औट साडेतीन. टॅली. दोन औट सात. टॅली. तीन औट साडेदहा, चार औट चौदा, पाच औट साडेसतरा. जीभ आपोआप चालायला लागली, अंग डुलायला लागलं. ती प्रत्येक वेळी “टॅली” म्हणत होती. सात औट साडेचोवीस. अकरा औट साडेअडतीस. बारा औट बेचाळीस. तेरा औट साडेत्रेचाळीस.

तिचा आवाज आला नाही.

मी एक डोळा उघडला. ती माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. पडद्यावर दोन शब्द, आणि खालच्या ओळीत २.०, चोख, शेपटाशिवाय.

“पेन्सिल दे गं,” मी म्हटलं.